मेंडोलिन घेतलं, आता साथीला कोण?

मेंडोलिन या छेडून वाजवायच्या छोट्या तंतुवाद्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न आज घेतले आहेत.

वय अठ्ठावन्न. निवृत्तीनंतर मेंडोलिन घेतलं, पण आठवड्यातच बोटांची टोकं सोलवटली. वय आड येतंय का? (सांगली)

वय नाही, तारा आड येताहेत. स्टीलच्या तारा, त्याही जोडीजोडीने, आणि एका बोटाने दोन्ही दाबायच्या. हे विशीतल्या पोरांनाही दुखतं. बोट दोन पडद्यांच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) मधोमध नको, पुढच्या पडद्याला लगटून ठेवा. जोर बराच कमी लागेल. तासभर एका दमात बसण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं वाजवा. काही आठवड्यांत कातडी घट्ट होते. तरी दुखत राहिलं तर बाराव्या पडद्यापाशी तारांची उंची बघा. दोन मिलिमीटरच्या फार वर असेल तर घोडी (तारा जिच्यावर टेकतात तो तुकडा) खाली घ्यायला हवी. मिरजेचे सतारीचे कारागीर तुमच्या शेजारीच, पण सतारीचे पडदे सरकणारे, मेंडोलिनचे ठोकून बसवलेले. तेव्हा गिटार दुरुस्त करणारा गाठा.

पहिलं वाद्य कसं निवडावं? गोल पोटाचं की सपाट पाठीचं? (नाशिक)

सपाट. गोल पोटाचं, म्हणजे नेपल्सच्या घाटाचं मेंडोलिन दिसतं देखणं, पण नवख्याच्या मांडीवरून घसरत राहतं. दुकानात एकच परीक्षा करा: तार मोकळी छेडा, मग बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. नेमका वरच्या सप्तकातला तोच स्वर आला नाही तर घोडी जागेवर नाही. ती सरकवून जमलं तर घ्या, नाहीतर राहू द्या. क्लिपवाला ट्यूनर सोबतच घ्या, कारण जोडीतल्या दोन तारा किंचित जरी वेगळ्या बोलल्या तरी सगळं बेसूर वाटतं. तारा बदलताना एकेक करून बदला. बऱ्याच मेंडोलिनांची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते.

व्हायोलिन थोडंफार येतं. उपयोग होईल? (पुणे)

भरपूर. जी-डी-ए-ई ही जुळणी तीच, त्यामुळे डावा हात निम्मा तयार आहे. उजवा मात्र पहिल्यापासून. गज नसल्याने स्वर लांबवायचा तर पिक (तार छेडायची चकती) वरखाली झरझर चालवावी लागते. हिंदी चित्रपटगीतांत ऐकू येणारी ती थरथर हीच.

यावर राग वाजतात का? (ठाणे)

वाजतात. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी वाजवून दाखवले, आणि यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी तर कर्नाटक संगीताच्या मैफली मेंडोलिनवर केल्या. श्रीनिवास यांचं वाद्य मात्र इलेक्ट्रिक, पाच एकेरी तारांचं होतं. तुमच्या जोडतारांवर लांब मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघणार नाही. ज्या रागात मींड हाच जीव आहे त्यापासून सुरुवात करू नका.

लातुरात मेंडोलिन वाजवणारं दुसरं कुणीच सापडत नाही. एकट्याने किती दिवस वाजवायचं? (लातूर)

मेंडोलिनवाले शोधूच नका. दोन नवशिके मेंडोलिनवाले एकत्र आले की दोघेही तीच चाल वाजवतात, आणि ताल धरणारा कुणी नसतो. तुम्हाला हवा ठेका आणि हवी पेटी. म्हणजे गल्लीतलं भजनी मंडळ, गिटारच्या क्लासमधली मुलं, शनिवारी जमणारे हौशी गायक. यांच्याकडे ताल आणि भरणा असतो, दोन ओळींच्या मधली जागा भरणारं वाद्य बहुधा नसतं. पहिल्या दिवशी सोलो मागू नका. गायक थांबला की त्याचीच ओळ परत वाजवा, तो गात असताना गप्प बसा. एवढं पाळलंत तर पुढच्या वेळी बोलावणं येतं.

अडतं ते पट्टीवर, म्हणजे गायकाचा सा पेटीच्या कोणत्या पांढऱ्या-काळ्या सुरावर आहे त्यावर. मोकळ्या तारांवर सोपी पट्टी पांढरी दोन: जाड बाजूने मोजत दुसरी जोडी सा, तिसरी पंचम, आणि सर्वांत जाड जोडी खर्जातला मध्यम. गायक काळी एकमध्ये गात असेल तर सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवा, बोटं तीच राहतील. काळी दोन हवी तर पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा) लावा. बायकांच्या मंडळात काळी चार निघाली तर तोच कॅपो ठेवून जाड जोडीला सा माना. तारा चढवण्यापेक्षा हे बरं. बारीक तार चढवताना तुटते आणि नेमकी आरतीच्या आधी तुटते.

नोकरीसाठी स्टुटगार्टजवळ राहतो. इथे कुणी मिळेल? (जर्मनी)

तुमची तर चंगळ आहे. जर्मनीत मेंडोलिनचे हौशी वाद्यवृंद असतात, त्यांना 'त्सुप्फऑर्केस्टर' म्हणतात: पहिली आणि दुसरी मेंडोलिन, मांडोला (मेंडोलिनची मोठी, खालच्या सुरांची बहीण), गिटार, खाली डबल बेस. २०२३ साली तिथे मेंडोलिनला वर्षाचं वाद्य म्हणून निवडलं होतं. गावातल्या संगीतशाळेत चौकशी करा. नोटेशन वाचता येत नसेल तर आधी ते शिका, कारण तिथे कानावर भागत नाही. जागा विचारतील तेव्हा दुसऱ्या मेंडोलिनमध्ये बसा. चाल बहुधा पहिलीकडे असते, पण दुसरीत बसून आजूबाजूचं ऐकायची सवय लागते.