बाजारातून आणलेली बदकाची पिल्लं माणसाळतील कशी?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: म्हापशाच्या बाजारातून आठवड्याभराची दोन पिवळी पिल्लं आणलीत, खोक्यात ठेवलीत, हात घातला की केकाटत कोपऱ्यात पळतात. मुलीला ती मांडीवर हवीत. आणि तोंडावर पाऊस आलाय.

मी गोव्यात, डिचोली तालुक्यात राहतो. घराला अंगण आहे, मागे थोडं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे. आतापर्यंत तीन वेळा पिल्लं वाढवली. पहिल्या वेळी चारांतलं एक माझ्या हातानं गेलं, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

बदक म्हणजे पाण्यातला जीव, अशी आपली समजूत. मीही तिसऱ्याच दिवशी घमेलं भरून चौघांना पाण्यात सोडलं. काय पोहली! बुड्या मारल्या, एकमेकांच्या अंगावर चढली, आम्ही व्हिडिओ काढत बसलो. अर्ध्या तासानं एक पिल्लू घमेल्याच्या कडेला मान टाकून तरंगताना दिसलं. पंच्यात गुंडाळलं, बल्बखाली धरलं, पण संध्याकाळपर्यंत गेलं. नंतर कळलं ते असं. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते, ते तेल चोचीनं पिसांना लावल्यामुळे अंग भिजत नाही. पिल्लाची ही गाठ लहान असते. आई जवळ असेल तर तिच्या पोटाशी घासून तेल मिळतं. बाजारातल्या पिल्लाला आई कुठली? त्याची लव कापसासारखी पाणी पिते आणि ते गारठून मरतं. तेव्हा पहिले तीन-चार आठवडे पोहणं म्हणजे परातीत बोटभर कोमट पाणी, पाच मिनिटं, तेही तुम्ही समोर बसून. मग जुन्या पंच्यानं टिपून ऊब द्यायची. अंगभर पिसं आली, म्हणजे साधारण सात-आठ आठवड्यांनी, खुशाल टाकीत सोडा.

पिण्याचं पाणी मात्र उथळ चालत नाही. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडली पाहिजे, नाहीतर नाकात खाद्य सुकून बसतं. पसरट, जड भांडं घ्या आणि त्यात दोन-तीन गुळगुळीत दगड ठेवा, म्हणजे आत पडलं तरी बाहेर येता येतं. एक घास, एक घोट, अशीच त्यांची जेवणाची तऱ्हा. रात्री पाणी काढून ठेवणार असाल तर खाद्यही काढा. पाण्याशिवाय कोरडं खाल्लं तर घशात अडकतं.

आता ऊब. पहिल्या आठवड्यात 32 अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी अडत नाही, पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर रचून बसली तर थंडी वाजतेय. चोच उघडी ठेवून लांब कडेला पसरली तर उकडतंय. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दिवसा बल्बची गरजच नसते, जुलैच्या झडीत रात्रभर लागतो. खोक्याच्या एकाच कोपऱ्यावर 60 वॅटचा पिवळा बल्ब टांगा, पक्का बांधून, म्हणजे नको वाटलं तर त्यांना दुसरीकडे जाता येईल. वीज जाणार हे धरूनच चाला. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवली की दोन-तीन तास निभतात.

खाली वर्तमानपत्र नको. त्यावर पाय घसरतात आणि कोवळे पाय फाकतात. भाताचं तूस किंवा सुताराकडच्या रंध्याच्या सालपटी घाला आणि ओलं झालं की बदला. रोज बदलावं लागेल, ते गृहीत धरा. बदक घाण किती करतं हे विकणारा कधीच सांगत नाही.

तुमचं एक पिल्लू लंगडतंय असं ओझरतं लिहिलंय, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्यांना काय घालता? पेजेतला भात आणि पाव असेल तर आजपासून बंद. माझ्या दुसऱ्या खेपेच्या एका पिल्लाचे पाय असेच धनुष्यासारखे वाकले होते, चार पावलं टाकून बसकण मारायचं. डॉक्टरांनी बघताक्षणी नायसिन, म्हणजे बी-3 जीवनसत्त्व, कमी पडतंय असं सांगितलं. कोंबडीच्या पिल्लापेक्षा बदकाच्या पिल्लाला ते बरंच जास्त लागतं, त्यामुळे कोंबडीचं स्टार्टर खाद्य दिलं तरी वर जोड हवी. ब्रुअर्स यीस्ट, म्हणजे बिअर बनवताना वापरतात ते, सुकवलेलं मिळालं तर वाटीभर खाद्याला एक मोठा चमचा. बेकरीत पाव फुगवायचं यीस्ट वेगळं, ते नको. सोबत तांदळाचा ताजा कोंडा, उकडून कुस्करलेले वाटाणे, बिनमिठाची उकडलेली मासळी काटे काढून. आमचं पिल्लू आठवड्याभरात सरळ चालायला लागलं. उशीर केला तर पाय कायमचे वाकडे राहतात. डॉक्टरांना दाखवाच, मात्रा तेच ठरवतील. आणि पावसाळ्यात खाद्य पंधरा दिवसांपुरतंच आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन या विषाला बदकांइतके हळवे पाळीव पक्षी क्वचितच असतील. शेंगदाण्याच्या पेंडीला जरा कुबट वास आला तरी फेकून द्या, कोंबड्यांनाही घालू नका.

आता मुलीची मांडी. अंड्यातून बाहेर आल्यावर जो हलताना दिसेल त्याच्यामागे पिल्लं लागतात, हे तुम्ही वाचलं असेल. प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांच्या मागून चालणारी हंसाची पिल्लं प्रसिद्धच आहेत. 1973 सालचं नोबेल लोरेन्झना आणखी दोघांबरोबर विभागून मिळालं. पण ती खिडकी फार लहान असते. मॅलार्ड जातीच्या बदकांवरच्या प्रयोगांत जन्मानंतरचे 13 ते 16 तास सगळ्यात प्रभावी ठरले होते. तुमची पिल्लं आठवड्याची आहेत, म्हणजे ती गाडी सुटली. तुम्ही त्यांची आई होणार नाही. ओळखीचा, निरुपद्रवी, वाटाणेवाला माणूस होऊ शकता, आणि तेवढं पुरतं.

चूक सगळे एकच करतात: वरून हात घालतात. त्यांच्या लेखी वरून येतं ते घारीचं नख. म्हणून खोकं आडवं करून एक बाजू उघडी ठेवा, म्हणजे हात समोरून, जमिनीलगत येईल. मुलीला रोज ठरलेल्या वेळी वीस मिनिटं जमिनीवर बसू दे. पकडायचं नाही, एकटक बघायचं नाही, गृहपाठ केला तरी चालेल. तळहाताच्या खोलगटात पाणी आणि त्यात चार मऊ वाटाणे. दर वेळी हाक एकच. आमच्याकडे ‘या या या’ होती. पहिले दोन दिवस माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी एक धिटुकलं मान लांब करून आलं, वाटाणा उचलला, पळालं, परत आलं, आणि चोच माझ्या बोटांच्या बेचक्यात घालून चपचप पाणी चाळायला लागलं. ओल्या पोस्टकार्डानं गुदगुल्या कराव्यात तसं वाटतं. आठव्या दिवशी तिघंही पायावर चढून झोपली. तोवर एकदाही उचललं नव्हतं. उचलायची वेळ आली तर पोटाखालून तळहात, पाय अधांतरी लोंबू द्यायचे नाहीत. बारीक थरथरता गुणगुणाट म्हणजे खुशी. तार सप्तकातलं ‘पीं पीं’ सुरू झालं की लगेच खाली ठेवा. नंतर मात्र हात साबणानं धुवायचे आणि चोचीचे मुके घ्यायचे नाहीत. साल्मोनेलाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

दोन आणलीत हे बरं केलंत. एकटं पिल्लू दिवसभर रडतं आणि तुम्हाला न्हाणीघरातही जाऊ देत नाही.

बाहेर काढायच्या वयात मुंगूस, उदमांजर, घोरपड, घूस आणि शेजारचा कुत्रा, सगळ्यांना खबर लागलेली असते. रात्री चारही बाजूंनी बारीक चौकोनी वेल्डेड जाळी हवी. कोंबड्यांची पातळ षटकोनी जाळी मुंगसाला फार वेळ थोपवत नाही. शाकारणी नुकतीच झाली असेल तर अंगणात पडलेले खिळे, तारांचे तुकडे वेचा, चमकतं ते बदक गिळतं. गोगलगायींसाठी औषध टाकत असाल तर थांबवा. लहान गोगलगायी ती स्वतःच फस्त करतील.

शेतात सापडलं म्हणून कुणी तपकिरी पिल्लू आणून दिलं तर मात्र घेऊ नका. करमळीच्या तळ्यावर दिसतात त्या अडई नावाच्या रानबदकाचं ते असू शकतं, आणि रानबदकं पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे.

नावं ठेवायची घाई करू नका. सहा-सात आठवड्यांनी आवाज फुटतो: मादी खणखणीत ‘क्वॅक’ करते, नर घसा बसल्यासारखा घोगरा कुजबुजतो. पुढे नराच्या शेपटीवर एक पीस वर वळतं. आमच्या सखूला ते चौथ्या महिन्यात आलं. नाव बदलायचं ठरलं होतं, पण तोवर ती सखूलाच ओ द्यायला लागली होती. म्हणजे तो.