दमट हवेच्या ठिकाणी इंजिनिअर्ड हार्डवूड फ्लोअरिंग टिकेल का? ओक घ्यावं की साग?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे वर्षातले बरेच महिने हवा दमट असते, घर नवीन आहे, इंजिनिअर्ड लाकडाची जमीन करायचीय, तर ओक घेऊ का साग आणि वरचा लाकडाचा थर किती जाडीचा असावा. टिकेल, न टिकायला काय झालं. पण ओक का साग हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. सगळ्यात आधी खालच्या कोब्यात, म्हणजे लाकडाखालच्या सिमेंटच्या थरात, किती ओल आहे ते बघायचं असतं, आणि ते तुम्ही विचारलंच नाहीये, कोणीच विचारत नाही. मी बरीच वर्षं हेच काम करतोय आणि जमीन फुगली की लोक "लाकूड खराब निघालं" म्हणतात ना, ते ऐकलं की डोकं फिरतं माझं.

इंजिनिअर्ड म्हणजे वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि त्याच्या खाली बहुतेक वेळा प्लाय, असं चिकटवून केलेली पट्टी. फक्त एवढं लक्षात घ्या की लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, हे कुठल्याही पॉलिशने थांबत नाही, फार तर सावकाश होतं. हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण ९ टक्के पाणी राहतं, ८० टक्क्यांना ते १६ च्या आसपास जातं. आणि लाकूड फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळपास नाहीच. म्हणून प्लायचा एक थर उभा एक आडवा चिकटवतात, मग ते एकमेकांना धरून ठेवतात. दमट हवेत भरीव लाकडापेक्षा इंजिनिअर्ड बरं ते याच कारणाने. पण पट्टीच्या वरच्या आणि खालच्या बाजूला मिळणारी ओल साधारण सारखी असेल तरच ही धरपकड चालते. वर एसीची कोरडी हवा आणि खालून ओला कोबा, असं झालं की कितीही भारी प्लाय असू दे, पट्टीच्या कडा वर उचलल्या जातात.

माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या घरात नेमकं हेच झालं. त्याने घर घेतलं तेव्हा साहजिकच मला बोलावलं. कोबा नवा होता, वरून खडखडीत कोरडा दिसत होता, हात लावला तर काही कळणार नाही. मी जाड प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवला. ही साधी आणि जुनी चाचणी आहे, किमान १६ तास ठेवायची. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर टेप काढली तर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक बारीक थेंब आणि खाली कोब्यावर काळपट चौकोन, कडा एकदम स्पष्ट. मी म्हटलं, दादा, थांबायला लागेल. कोबा सुकायला साधारण इंचाला एक महिना धरतात, तोसुद्धा हवा बरी असेल तर, दमट हवेत त्याहून जास्त.

तिथे त्याचे इंटिरिअरवाले होते. ते म्हणाले, हे थेंब खोलीतल्या दमट हवेचे आहेत, खिडक्या बंद करा, काही होत नाही. मी त्यांना तेव्हाही सांगितलं आणि इथेही सांगतो, खोलीतल्या हवेचं पाणी जमलं असतं तर ते प्लास्टिकच्या वर जमलं असतं. आत जमलं म्हणजे ते कोब्यातून आलं, टेपच्या आत दुसरं येणार कुठून? पण गृहप्रवेशाची तारीख ठरली होती. दादा म्हणाला, "तू दर वेळी काहीतरी खुसपट काढतोस." काम दुसऱ्या टीमला गेलं. त्यांनी कोब्यावर ना ओल अडवणारा प्रायमर मारला ना दुसरं काही, पाण्यात मिसळलेला गोंद थापला, म्हणजे खालच्या ओलीत आणखी ओल घातली, वरून महागाचा ओक, आणि भिंतीलगत फट सोडायची तिथे पट्ट्या भिंतीला अगदी टेकवून ठोकल्या, का तर स्कर्टिंग बारीक हवं होतं.

काही आठवड्यांत कडा उचलल्या. उन्हं तिरकी आली की प्रत्येक पट्टीची सावली दिसायची, अनवाणी चाललं तरी पायाला कळायचं. आता इथे खरी गोष्ट. अशी कड उचललेली जमीन बऱ्याचदा आपली आपण बरीच खाली बसते, ओल कुठून येतेय ते थांबवा, हवा खेळती ठेवा, डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) लावा आणि थांबा. मी तेच सांगत होतो. त्यांनी काय केलं, घासायची मशीन आणली आणि उचललेल्या कडा घासून सपाट केल्या. दिसायला झकास. मग कोरडे महिने आले, खालची ओल गेली, पट्ट्या पूर्ववत बसायला लागल्या, आणि कडा आधीच घासून गेलेल्या असल्यामुळे आता मधला भाग वर आणि कडा खाली. वरचा ओकचा थर मुळात २ मिमीचा, तो कडेला इतका पातळ झाला की खालच्या प्लायच्या आडव्या रेषा उघड्या पडल्या, ओकच्या रेषा लांबीत जातायत आणि कडेला बोटभर पट्टा आडवा, फिकट. ते कशानेही झाकलं जात नाही. पट्टीच बदलावी लागते.

आणि एवढं होऊन दादा आजही चारचौघांत म्हणतो की इंजिनिअर्ड म्हणजे भुसा, भरीव साग टाकला असता तर पिढ्यानपिढ्या टिकला असता. नसता टिकला. त्या कोब्यावर भरीव साग टाकला असता तर तोही उचलला असता, आणि आधार द्यायला खाली आडवा थर नाही म्हणजे जास्तच. जुन्या घरांतलं लाकूड टिकलं कारण बहुतेक ठिकाणी ते तुळयांवर होतं, खालून हवा जात होती, ओल्या सिमेंटवर गोंदाने चिकटवलेलं नव्हतं. खापर फोडायचंच असेल तर घाईवर फोडा, लाकडावर नको.

असो, तुमच्या प्रश्नाकडे येतो. साग कमी हलतो हे खरं आहे. ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत साग रुंदीत जास्तीत जास्त ६ टक्क्यांच्या आसपास आकसतो, पांढरा ओक १० च्या वर. पण हे भरीव लाकडाचे आकडे. ३-४ मिमीचा थर चांगल्या प्लायला चिकटवला की हा फरक बराच दबतो. ओक सागापेक्षा कडक, खुर्च्या सरकवल्या तर खड्डे कमी पडतात. सागात तेल असतं त्यामुळे कारखान्यात नीट साफ न करता चिकटवला तर थर सुटतो. त्यामुळे दोन्हीपैकी जो रंग आवडेल तो घ्या, मनापासून सांगतो. बीच मात्र नको, ते फार हलतं. वरचा थर ३ ते ४ मिमी घ्या, म्हणजे पुढे दोन वेळा तरी घासता येईल, आणि तो थर लाकूड सोलून काढलेला नको, करवतीने कापलेला असू दे. सोललेल्यात बारीक चिरा आधीच असतात, एसीत त्या उघडतात.

पैसे खर्च करायचे ते आतल्या प्लायवर करा. प्लायऐवजी आत एचडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेला बोर्ड, असलेला माल दमट ठिकाणी घेऊच नका, एकदा फुगला की परत बसत नाही. विक्रेत्याकडून सँपलचा तुकडा मागा, घरी तासभर पाण्यात उकळा. थर सुटायला लागले तर गोंद कसला आहे ते तुमचं तुम्हाला कळेल. विक्रेता तुकडा द्यायला कुरकुर करत असेल तर दुसरीकडे जा. पट्टी फार रुंद नको, १२०-१५० मिमी पुरे. हल्ली सगळ्यांना २२० ची हवी असते, फोटोत छान दिसते, पण रुंद पट्टी जास्त हलते त्याला काय करणार.

बसवताना भिंतीलगत १० ते १५ मिमी फट, खांब आणि दाराच्या चौकटीशीसुद्धा, आणि ती फट सिमेंटने किंवा गोंदाने भरायची नाही. फ्लोटिंग, म्हणजे कोब्याला न चिकटवता पट्ट्या नुसत्या एकमेकींत अडकवून करत असाल तर खाली पॉलिथिन, जोडावर वीत-वीतभर एकमेकांवर आणि टेप लावून, भिंतीपाशी थोडं वर वळवून. चिकटवत असाल तर पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमरचा, म्हणजे पाणी नसलेला गोंद, दात्यांच्या थापीने सगळीकडे सलग, ठिपके ठिपके टाकून नाही. खोके घरात दोन-तीन दिवस तसेच बंद ठेवा, पण रंगकाम-प्लास्टर संपल्यावर. ओल्या प्लास्टरच्या घरात ठेवले तर पट्ट्या उलट ओल पिऊन बसतात.

एसीचं राहिलं. आर्द्रता थोडी जास्त असली तरी एकसारखी असेल तर लाकूड सांभाळून घेतं, त्रास होतो तो चढउताराचा. रात्री एसी अठरावर आणि दिवसभर खिडक्या सताड उघड्या, असं रोज करणार असाल तर वरच्या थराला चिरा पडू शकतात, माल कितीही चांगला असो. एखादा साधा आर्द्रता दाखवणारा मीटर आणून ठेवा घरात. आणि वाफेच्या मॉपने पुसायचं नाही, फडकं घट्ट पिळूनच.

हे सगळं मी वरच्या मजल्यावरचं घर धरून लिहिलंय हे सांगायचं राहिलं. तुमचं तळमजल्यावर असेल आणि कोब्याखाली ओल अडवणारा थर घातलेला नसेल, तर जमिनीतली ओल कधी संपतच नाही, तिथे आधी त्याचा बंदोबस्त करा, तो होणार नसेल तर सरळ टाइल्स टाका. मजला कितवा आणि कोबा कधी घातलाय ते कळवा, म्हणजे चिकटवायचं का फ्लोटिंग ते सांगतो.