निकोलस पोकॉक हा आधी खलाशी होता की चित्रकार?

आधी खलाशी, आणि तोही साधासुधा नाही, व्यापारी जहाजाचा कप्तान. जन्म १७४०, इंग्लंडमधलं ब्रिस्टल. चिनी मातीच्या भांड्यांचे कारखानदार रिचर्ड चॅम्पियन यांची जहाजं घेऊन तो अमेरिका, वेस्ट इंडीजला जायचा.

खरी गंमत त्याच्या जहाजी रोजनिशीत आहे. वारा कुठला, जहाज कुठे पोचलं हे सगळेच कप्तान लिहितात. हा पठ्ठ्या त्या नोंदींसोबत शाई आणि पातळ करड्या रंगात जहाजाचं चित्रही काढायचा: वादळ असेल तर शिडं आवळलेली, वारा पडला असेल तर ती लोंबकळणारी. यातल्या काही वह्या लंडनजवळच्या ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत. मला तर त्याच्या मोठ्या तैलचित्रांपेक्षा ही रेखाटनंच जास्त आवडतात.

१७८० मध्ये त्याने लंडनच्या रॉयल अकादमी या कलासंस्थेला चित्र पाठवलं, पण ते उशिरा पोचलं. तरी अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्स यांनी पत्र लिहून सल्ला दिला: रंग घेऊन थेट पाण्याकाठी जा, समोर दिसतं ते रंगव. दोन वर्षांनी त्याची चित्रं तिथे लागली. १७८९ मध्ये तो लंडनला आला. १ जून १७९४ च्या ब्रिटिश-फ्रेंच आरमारी लढाईत तर 'पेगासस' या फ्रिगेटवर (वेगवान युद्धनौकेवर) तो स्वतः हजर होता.

१८०४ मध्ये लंडनमध्ये जलरंग चित्रकारांची संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता. १८२१ मध्ये वारला. दोर, डोलकाठ्या नेमक्या जागी हव्यात हा त्याचा कटाक्ष, त्यामुळे जहाजांचे अभ्यासक आजही त्याची चित्रं धुंडाळतात.