नागपूरच्या थंडीत जुना ट्रॅक्टर पहाटे सुरू होत नाही, कोणता इंजिन हीटर घ्यावा?

तुमचा प्रश्न मला असा समजला: जुना तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर आहे, पहाटे कळमन्याच्या बाजारात संत्री घेऊन निघायचं असतं, सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, दुपारी मात्र गाडी बरी सुरू होते. आता ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागात बसणारा हीटर घ्यावा की ऑइल चेंबरला खालून चिकटणारा?

भाऊ, हीटर मागवायच्या आधी घरच्या बंबाचं पाणी वापरून पाहा. रात्री रेडिएटरचा आणि ब्लॉकचा, दोन्ही कॉक उघडून पाणी काढून ठेवा. कूलंट असेल तर स्वच्छ बादलीत धरा. स्टिअरिंगला एक चिंधी बांधा, म्हणजे घरातलं कोणी तसंच कोरडं इंजिन सुरू करणार नाही. सकाळी कॉक बंद करून गरम पाणी सावकाश ओता. हाताला सोसवतं त्याहून थोडं जास्त गरम चालेल, पण उकळतं नको, गार पडलेल्या बिडाच्या हेडला तडा जाऊ शकतो. पाच-दहा मिनिटं थांबा, ब्लॉकला हात लावून ऊब आली का बघा आणि मग सेल्फ मारा. लगेच पकडलं तर हीटर तुमच्या कामाचा आहे. ब्लॉक कोमट होऊनही नुसती घरघर करत असेल, तर कोणताही हीटर लावा, फरक पडायचा नाही.

असं सांगतो कारण हे हीटर मुळात कॅनडा-रशियासारख्या, शून्याखाली वीस-तीस अंश जाणाऱ्या मुलखांसाठी आहेत. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, ती फार म्हणजे फारच थंडी झाली. एरवी डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश, लाट आली तर सात-आठ. एवढ्या गारठ्यात धड असलेलं डिझेल इंजिन हीटरशिवाय सुरू व्हायलाच पाहिजे. होत नसेल तर थंडीने आधीचंच दुखणं वर काढलं आहे.

ते दुखणं कुठलं, हे सायलेन्सरकडे पाहून बरंचसं कळतं. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय, पण पेटत नाही: कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) कमी, नोझलचा फवारा खराब, किंवा इंजिन फिरतंय फार हळू. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. रात्रभरात लाइनमध्ये हवा शिरते, बहुतेक वेळा फिल्टरच्या बोल्टखालच्या तांब्याच्या वॉशरमधून. फीड पंपाचा हातपंप मारून एअर काढल्यावर गाडी पकडत असेल, तर वॉशर बदला आणि हीटरचा विषय सोडा.

इंजिन हळू फिरतं त्याला बॅटरीइतकीच तिची अर्थिंगची पट्टी कारणीभूत असते, आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. चासीला जिथे ती आवळलेली असते तिथे रंग, गंज आणि ग्रीस यांचा थर बसलेला असतो. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत दिसेपर्यंत घासा, पुन्हा घट्ट आवळा. टर्मिनलवरचा हिरवा-पांढरा भुगा गरम पाण्याने धुवा. मग सेल्फ मारताना बॅटरीवर मल्टीमीटर लावून घ्या. आकडा साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. व्होल्ट ठीक आहेत, पण केबल हाताला गरम लागते, तर केबल किंवा तिच्या टोकाचं थिंबळ बदला. ऑइल जुन्या सवयीने सिंगल ग्रेड ४० नंबर टाकत असाल, तर पुस्तिकेत चालत असल्यास १५डब्ल्यू-४० हे मल्टिग्रेड ऑइल टाका. गारठ्यात ते कमी घट्ट होतं.

डिझेलचंही एक सांगतो. आपल्याकडच्या मानकानुसार नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या डिझेलसाठी फिल्टर तुंबण्याचं तापमान जास्तीत जास्त ६ अंश असावं लागतं, उन्हाळी डिझेलसाठी १८ अंश चालतं. म्हणजे दिवाळीआधी भरून ठेवलेल्या ड्रममधलं डिझेल थंडीच्या लाटेत मेण धरू शकतं. त्यावर ब्लॉकचा हीटर काय करणार? हिवाळ्यात पंपावरून ताजं डिझेल आणा.

जुन्या मॅसी ३५ सारख्या काही गाड्यांत इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या नळीला, थर्मोस्टार्ट असतो. किल्ली हीटवर १५-२० सेकंद धरली की आत थोडं डिझेल पेटून हवा तापते. तुमच्या गाडीत तो असेल तर आधी तोच नीट करून घ्या. बऱ्याच गाड्यांत त्याची वायर तरी तुटलेली असते, नाहीतर डिझेलची नळी तरी बंद केलेली असते.

एवढं करूनही हीटर हवाच असेल, तर पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला माझी पसंती रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये (रबरी नळीत) किंवा बाहेर टाकीसारखा बसणाऱ्या हीटरला. ब्लॉकचा हीटर चांगला असतो, पण ब्लॉकच्या प्लगचा नेमका माप जुळावा लागतो आणि जुन्या गाडीचा प्लग काढायला मिस्त्री लागतो. होजचा घेताना होजचा आतला व्यास मोजा. टाकीचा असेल तर तो इंजिनाच्या खालच्या पातळीवर बसवा, गरम पाणी आपोआप वर चढतं. पाण्याशिवाय चालू केला तर कॉइल जळते आणि बोरचं क्षाराचं पाणी असेल तर थर धरते, म्हणून कूलंट भरा. हजार वॉटचा हीटर दोन तास चालला तर दोन युनिट जातात, रात्रभर लावायची गरज नाही, टायमर लावा. शेतातल्या थ्री-फेजची पाळी कधी येईल त्या भरवशावर राहू नका. गाडी घराजवळ लावा, अर्थिंग असलेला तीन पिनचा प्लग आणि जाड वायर घ्या.

ऑइल चेंबरला चिकटणारे चुंबकी हीटर दोन-तीनशे वॉटचे असतात. ऑइल पातळ होतं, सेल्फला हलकं जातं, पण सिलिंडर फारसा तापत नाही. जुन्या काही आयशरसारखं हवेवर थंड होणारं इंजिन असेल तर मात्र हाच घ्यावा लागेल, तिथे पाणीच नाही. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर चुंबक चिकटणार नाही, तेवढं आधी तपासा.

आणि चेंबरखाली गोवऱ्या पेटवणं किंवा एअर क्लीनरशी जळता बोळा धरणं, हे कोणी कितीही सांगो, करू नका. इंजिन चटकन पकडावं म्हणून मारतात तो ईथरचा स्प्रे थर्मोस्टार्ट किंवा हीटर प्लग असलेल्या गाडीत तर मुळीच मारू नका, इनटेकमध्येच भडका होतो.