प्रचाराला जास्त दिवस मिळाले तर निकाल बदलतो का?

प्रचार लांबला की सत्तेतल्या पक्षाचा फायदा होतो का, कारण पैसा त्यांच्याकडे जास्त असतो, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते असा सरळ हिशोब लागत नाही. जास्त दिवस मिळाले की फायदा त्याचा होतो ज्याची लोकांना अजून नीट ओळख व्हायचीय, आणि दिवस कमी असले की ज्याचं नाव-चिन्ह आधीच घराघरात पोचलंय त्याचा.

कॅनडाची २०१५ ची निवडणूक बघा. पंतप्रधान हार्पर यांनी २ ऑगस्टला निवडणूक जाहीर केली आणि मतदान १९ ऑक्टोबरला, म्हणजे तब्बल ७८ दिवस. तिथे तेव्हा नियम असा होता की प्रचाराचे दिवस वाढले की खर्चाची मर्यादाही वाढायची, आणि हार्पर यांच्या पक्षाची तिजोरी भरलेली, त्यामुळे बाकीचे दमतील असा अंदाज होता. विरोधातले ट्रूडो तेव्हा नवखे, आणि त्यांचा पक्ष सुरुवातीच्या सर्व्हेत तिसरा. हा माणूस अजून तयार नाही, अशा जाहिराती हार्पर यांच्या पक्षाने चालवल्या, पण लोकांनी त्याला अकरा आठवडे टीव्हीवर, डिबेटमध्ये बघितलं आणि त्यांचं मत बदलत गेलं. ट्रूडो यांच्या पक्षाला ३३८ पैकी १८४ जागा! आधीच्या निवडणुकीत ३४ होत्या.

उलट १९७७ ला आपल्याकडे १८ जानेवारीला घोषणा झाली आणि मार्चच्या मध्यात मतदान सुरू, विरोधी नेते तेव्हा जेलमधून सुटत होते, जनता पक्षच मुळी घोषणेनंतर उभा राहिला, तरी काँग्रेस १५४ वर आली. आणीबाणीत लोकांचं ठरूनच गेलं होतं, तिथे दिवस कमी असून काय फरक पडणार?

महाराष्ट्राचं २०२४ पण बरेच जण प्रचाराच्या दिवसांवरूनच वाचतात. लोकसभेला पाच टप्पे, लांबलचक प्रचार, महायुती ४८ पैकी १७. विधानसभेला एकाच दिवशी मतदान, महायुती २३० च्या वर. पण मधे लाडकी बहीण आली ना! जूनच्या बजेटमध्ये घोषणा, ऑगस्टमध्ये खात्यात पहिले ३००० रुपये, आणि १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागायच्या आत नोव्हेंबरपर्यंतचे हप्ते जमा. त्या घरांपुरता प्रचार चार महिने आधीच सुरू झाला होता, तो कुठल्याच कॅलेंडरमध्ये मोजला जात नाही.

दिवस खरंच कुठे नडतात तर नवीन चिन्हाला. शरद पवारांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी मिळालं आणि साताऱ्याचं मतदान ७ मेला, म्हणजे जेमतेम अडीच महिने. तिथे त्यांचा उमेदवार ३२,७७१ मतांनी पडला आणि तुतारीशी मिळत्याजुळत्या पिपाणी चिन्हावरच्या एका अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. ती सगळी चुकून पडली असं म्हणता येणार नाही, पण गावोगाव चिन्ह समजावून सांगायला वेळ पुरला नाही हे दिसतंच.

आता विचार करा, एवढ्या मोठ्या नेत्याच्या पक्षाची ही गत, तर साध्या अपक्षाचं काय होत असेल. त्याला चिन्ह मिळतं अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यावर. विधानसभेला ती ४ नोव्हेंबरला संपली आणि १८ च्या संध्याकाळी प्रचार बंद. दोन आठवडे, आणि एका मतदारसंघात साधारण साडेतीनशे बूथ, म्हणजे रोज पंचवीस बूथ फिरायचे, पत्रकं छापून यायलाच दोन दिवस जातात. माघारीची मुदत आणि मतदान यात कायद्याने किमान १४ दिवस लागतात, १९९६ च्या आधी २० होते. ते परत २० करावेत असं मला मनापासून वाटतं. मोठ्या पक्षांना त्याने काही फरक पडणार नाही, त्यांचा प्रचार बाराही महिने चालूच असतो, पण ज्याच्याकडे फक्त पायी फिरायची तयारी आहे त्याला निदान प्रत्येक वाडीवस्तीवर एकदा तरी जाता येईल.