वाचकांचे प्रश्न : वीज आली की जुळणारा एक्स्टेंडर

प्रश्न : आमचे घर चिपळूणजवळच्या एका गावात असून ते जांभ्याच्या चिऱ्यांचे, जुने आहे. फायबरचा राउटर ओटीवर आहे. मागच्या खोल्यांत रेंज पोहोचत नसल्यामुळे माझ्या मुलाने सहा वर्षांपूर्वी अमेरिकेहून येताना एक वाय-फाय एक्स्टेंडर आणला होता आणि माजघरातील सॉकेटमध्ये तो विनातक्रार चालत होता. यंदा वळवाच्या पावसात विजेच्या कडकडाटात जुना राउटर जळाला. कंपनीने त्याच जागी नवा बसवून दिला आणि वाय-फायचे नाव व पासवर्ड मी जुनेच ठेवून घेतले. तेव्हापासून एक्स्टेंडरचा दिवा लाल असतो. मोबाइल त्याला जोडला जातो, रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात, पण नेट चालत नाही. गंमत म्हणजे महिन्याभरात दोनदा लाईट जाऊन आल्यावर दिवा आपोआप हिरवा झाला, दोन-तीन दिवस सारे सुरळीत चालले आणि पुढच्या वेळी लाईट गेल्यावर पुन्हा लाल झाला. राउटर बसवणारा मुलगा आणि दुकानदार दोघेही नवा एक्स्टेंडर घ्या म्हणतात. खरेच घ्यावा का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तूर्त घेऊ नये. आपण जे ‘गंमत’ म्हणून लिहिले आहे, त्यातच या दुखण्याचे निदान आहे. एक्स्टेंडर जळाला असता किंवा त्यात साठवलेला पासवर्ड चुकीचा असता, तर तो एकदाही जुळला नसता. माजघरापर्यंत सिग्नल पोहोचत नसता, तर लाईट जाण्यायेण्याने काही फरक पडण्याचे कारण नव्हते. ज्या अर्थी तो दोनदा आपणहून जुळला आणि दोन-तीन दिवस नीट चालला, त्या अर्थी वीज परत येताना राउटरमध्ये दर वेळी काहीतरी बदलत असले पाहिजे, आणि तसे बदलणारे जे असते ते म्हणजे चॅनेल, अर्थात राउटर ज्यावरून बोलतो तो लहरींचा ठरावीक कप्पा.

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ असे चॅनेल वापरले जातात. राउटरचे चॅनेल ‘ऑटो’वर ठेवलेले असेल, तर तो सुरू होताना आसपास कोण कोणत्या चॅनेलवर आहे याचा कानोसा घेतो आणि त्यातल्या त्यात मोकळा चॅनेल पकडतो. तो कधी ४ असेल, कधी १२ किंवा १३. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या उपकरणांना मात्र साधारणपणे ११ पर्यंतचेच चॅनेल ठाऊक असतात, त्यामुळे राउटर १२ किंवा १३ वर गेला की आपल्या एक्स्टेंडरच्या लेखी तो घरात नसल्यासारखाच होतो. जुन्या राउटरचा चॅनेल बहुधा ११ च्या आतच कायम केलेला असावा, म्हणून सहा वर्षे हे लक्षात आले नाही. राउटर बसवणाऱ्या मुलाला दोष देण्याचे कारण नाही, कारण त्याच्या हातातल्या मोबाइलला तेराही चॅनेल दिसतात आणि त्याच्यापुरते सारे ठीकच असते.

आता मोबाइलवर दिसणाऱ्या काड्यांविषयी. एक्स्टेंडर एका बाजूने राउटरशी आणि दुसऱ्या बाजूने आपल्या मोबाइलशी बोलतो. आपण पाहता त्या काड्या फक्त या दुसऱ्या टप्प्याच्या असतात. राउटरशी संबंध तुटला असला, तरी एक्स्टेंडर स्वतःचे नाव प्रसारित करीतच राहतो, म्हणून माजघरात उभे राहिल्यावर काड्या पूर्ण आणि नेट शून्य, असे दृश्य दिसते. राउटरकडच्या बाजूची खबर देतो तो एक्स्टेंडरवरचा दिवा, आणि तो आपल्याला महिनाभर खरेच सांगत आहे.

उपाय राउटरमध्ये करायचा आहे. त्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर सेटिंगच्या पानाचा पत्ता (बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि त्या पानाचा पासवर्ड छापलेला असतो. मोबाइल थेट राउटरला जोडून आणि मोबाइल डेटा बंद ठेवून तो पत्ता ब्राउझरमध्ये टाइप करावा. वायरलेसच्या विभागात २.४ गिगाहर्ट्झच्या पानावर चॅनेलसमोर ‘ऑटो’ असेल, तेथे ‘६’ निवडावा आणि त्याच पानावर रुंदीचा पर्याय असल्यास २० मेगाहर्ट्झ ठेवून सेव्ह करावे. शेजारच्या घरांचे राउटर ६ वर गर्दी करीत असतील, तर १ किंवा ११ घ्यावा, कारण एकमेकांच्या हद्दीत न शिरणारे चॅनेल हे तीनच आहेत. आपले घर वाडीत, झाडांच्या आड असेल, तर ही चिंता करण्याचे कारण नाही. कंपनीने हे पान कुलूपबंद ठेवले असल्यास ग्राहक सेवेला फोन करून ‘चॅनेल ६ वर कायम करा’ एवढेच सांगावे. पुष्कळदा ते तेथे बसल्या बसल्या हा बदल करू शकतात.

दिवा हिरवा व्हायला दोन-तीन मिनिटे द्यावीत. तरीही तो लालच राहिला, तर एक्स्टेंडर ओटीवर आणून राउटरपासून सात-आठ फुटांवर लावावा, टाचणीने रिसेटचे छिद्र दहा सेकंद दाबून धरावे आणि तो नव्याने जोडावा. काही एक्स्टेंडर केवळ नाव-पासवर्ड लक्षात ठेवत नाहीत, तर जुन्या राउटरचा यंत्रक्रमांकही मनात धरून बसतात आणि नवा राउटर त्याच नावाने हाक मारीत असला तरी त्याला ओळख देत नाहीत. या वेळीही मोबाइल डेटा बंदच असावा. नेट नसलेले वाय-फाय दिसले की मोबाइल गुपचूप डेटावर उडी मारतो, एक्स्टेंडरच्या सेटिंगचे पान उघडत नाही आणि एक्स्टेंडरच्या नावाने उगाच बोटे मोडली जातात.

जोडणी करताना एक्स्टेंडर आसपासच्या वाय-फायची यादी दाखवतो, ती नीट पाहावी. यादीत आपल्या राउटरचे नाव दिसूनही पासवर्डानंतर नकार येत असेल, तर अडचण सुरक्षेच्या प्रकाराची आहे. नवे राउटर डब्ल्यूपीए३ ही सुरक्षेची नवी पद्धत वापरू शकतात आणि सहा वर्षांपूर्वीच्या पुष्कळ एक्स्टेंडरना डब्ल्यूपीए२ च्या पुढचे काही कळत नाही. राउटरमध्ये ‘डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस’ हा पर्याय निवडला की प्रश्न मिटतो. नावच दिसत नसेल, तर आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर सुरू करून तो यादीत येतो का, हे पाहावे. तोही आला नाही, तर मात्र दुकानदाराचे म्हणणे मान्य करावे लागेल.

पावसाळ्यापुरती आणखी एक गोष्ट सांगतो. जांभा सच्छिद्र असल्यामुळे ओल धरून ठेवतो आणि पाणी या लहरी शोषून घेते, त्यामुळे मे महिन्यात हिरवा असलेला दिवा श्रावणात लाल झाल्यास नवल वाटू देऊ नये. तसे झाले, तर एक्स्टेंडर भिंतीमागच्या सॉकेटमधून काढून ओटी आणि माजघर यांच्यामधल्या दाराच्या सरळ रेषेत, फ्रिज व लोखंडी कपाटापासून दूर लावावा.

प्रश्न : माझ्या नव्या एक्स्टेंडरच्या पुस्तिकेत राउटरवरचे आणि एक्स्टेंडरवरचे डब्ल्यूपीएस बटण दाबा, एवढेच लिहिले आहे. चार वेळा दाबले. दिवा लुकलुकतो आणि थांबतो. काय चुकते?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : डब्ल्यूपीएस म्हणजे पासवर्ड न टाकता जोडणी करून देणारी सोय. तिचे एक बटण दाबल्यावर दुसरे दाबण्यासाठी दोनच मिनिटे मिळतात. ती आपण पाळली असतील, तर आपल्या बाजूने काही चुकत नाही. २०११ मध्ये डब्ल्यूपीएसच्या पिन पद्धतीतील मोठी त्रुटी उघडकीस आली आणि त्यानंतर पुष्कळ राउटरमध्ये ही सोयच बंद करून ठेवण्यात आली, बटण मात्र शोभेला राहिले. शिवाय राउटर केवळ डब्ल्यूपीए३ वर ठेवलेला असेल, तर डब्ल्यूपीएस चालत नाही. बटणाचा नाद सोडून एक्स्टेंडरच्या सेटिंगच्या पानावरून किंवा अॅपमधून पासवर्ड टाकून जोडणी करावी. पासवर्ड टाकताना पहिले अक्षर मोबाइलने आपोआप मोठ्या लिपीत केले नाही ना, हे डोळ्यांनी पाहूनच पुढे जावे.

प्रश्न : एक्स्टेंडर जोडला गेला, पण वेग निम्माच मिळतो. तो सदोष समजून परत करावा का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. स्वस्त एक्स्टेंडर एकाच पट्ट्यावर आणि एकाच चॅनेलवर राउटरचे ऐकतो व तेच आपल्याला परत सांगतो. एका वेळी एकच काम होत असल्यामुळे वेग निम्म्याच्या आसपास येणारच. एक्स्टेंडरला केबलचे तोंड असेल आणि ‘ॲक्सेस पॉइंट’ असा पर्याय असेल, तर राउटरपासून तेथपर्यंत नेटवर्कची केबल टाकून तो निवडावा, मग ही कपात होत नाही. केबल विजेच्या तारांच्या पट्टीतून मात्र नेऊ नये.