पोट उशिरा रिकामं होतंय का? चार तासांच्या स्कॅनविषयी

प्रश्न: दोन घास खाल्ले की पोट टम्म होतं, दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत तसंच बसून राहतं. एंडोस्कोपी आणि सोनोग्राफी नॉर्मल आली. आता डॉक्टरांनी ‘गॅस्ट्रिक एम्प्टिंग स्कॅन’ लिहून दिला आहे. यात नळी घालतात का? मला मधुमेह आहे आणि मी अंडं खात नाही. त्याऐवजी श्वासाची तपासणी चालेल का?

उत्तर: नळी नाही, सुई नाही. रात्रभर उपाशी राहून सकाळी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात जायचं. तिथे टेक्नेशियम-99एम हे अल्प किरणोत्सारी द्रव्य मिसळलेला नाश्ता देतात आणि खाल्ल्याबरोबर, मग 1, 2 आणि 4 तासांनी पोटाची पुढून व मागून चित्रं घेतात. मधल्या वेळात बाहेर बसायचं. काही खायचं नाही, धूम्रपान करायचं नाही.

प्रमाण नाश्ता ठरलेला आहे: 120 ग्रॅम अंड्याचा पांढरा बलक, पांढऱ्या ब्रेडच्या दोन स्लाइस, 30 ग्रॅम जॅम, 120 मिली पाणी. हे सगळं 10 मिनिटांत संपवायचं. 2 तासांनी 60 टक्क्यांहून जास्त किंवा 4 तासांनी 10 टक्क्यांहून जास्त अन्न जठरात उरलं, तर ते मंद. यातला 4 तासांचा आकडा सर्वांत भरवशाचा. दीड-दोन तासांत उरकलेल्या तपासणीत मंद जठराचे बरेच रुग्ण निसटतात, म्हणून ‘चित्रं किती वेळ घेणार?’ हे वेळ ठरवतानाच विचारा.

अंडं खात नसल्याचंही तेव्हाच सांगा. भारतात इडली देऊनही हा स्कॅन करतात. मात्र इडलीचे नॉर्मल आकडे वेगळे, त्यांना अंड्याचे निकष लावता येत नाहीत. शिवाय द्रव्य पिठातच कालवून इडली वाफवलेली हवी. ते नुसतं दुधात किंवा सांबारात घातलं तर पातळ पदार्थाबरोबर भरभर पुढे सरकतं, आणि घट्ट अन्न अडकलेलं असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो.

सगळ्यात जास्त घोळ औषधांचा होतो. ॲसिडिटीची गोळी म्हणून रोज घेतली जाते ती पुष्कळदा जोडगोळी, म्हणजे एकाच गोळीत दोन औषधं, असते. नावाच्या शेवटी ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ असेल तर बहुधा त्यात डॉम्पेरिडोन असतं, ‘एल’ असेल तर अनेकदा लेव्होसल्पिराइड. दोन्ही जठरातलं अन्न पुढे ढकलतात. उलट ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं आणि पोटातल्या पेटक्यांवरच्या काही गोळ्या जठर मंदावतात. ही औषधं साधारणपणे 48 ते 72 तास आधी थांबवतात. मधुमेहावरचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन (तेही जठर मंदावतं) आठवड्यातून एकदा घेत असाल तर दोन-तीन दिवस पुरत नाहीत. पाकिटांसकट सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा, मनाने काहीही बंद करू नका.

तुमच्या बाबतीत साखरही महत्त्वाची. वाढलेली साखर स्वतःच जठर मंदावते. त्या सकाळी ती 275 मिलिग्रॅमच्या वर असेल तर तपासणी पुढे ढकलावी. इन्सुलिन घेत असाल तर उपाशीपोटी किती घ्यायचं ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. नाश्ता अर्धा राहिला किंवा उलटी झाली तर तंत्रज्ञाला लगेच सांगा.

श्वासाच्या तपासणीत कार्बन-13 हा किरणोत्सार नसलेला कार्बन अन्नातून देतात. तो जठरातून आतड्यात, तिथून यकृतात जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो. त्यामुळे आतडं, स्वादुपिंड, यकृत किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर आकडा चुकतो. अमेरिकेत 2015 साली मान्यता मिळालेल्या चाचणीच्या नाश्त्यातही अंडं आहेच. शिवाय आपल्याकडे लॅबमध्ये नुसतं ‘ब्रेथ टेस्ट’ म्हटलं की बहुतेकदा जठरातल्या एच. पायलोरी जंतूची युरिया चाचणी किंवा आतड्यांसाठीची हायड्रोजन चाचणी होते. त्यांतून जठराचा वेग कळत नाही.

स्कॅन नॉर्मल आला म्हणून तुमचा त्रास खोटा ठरत नाही. जेवताना जठराचा वरचा भाग सैल पडला नाही, तरी असंच टम्म वाटतं आणि त्यावरही उपचार आहेत. रिपोर्टवर नुसतं ‘डिलेड’ किंवा ‘नॉर्मल’ नको. कोणता नाश्ता दिला आणि 1, 2, 4 तासांनी किती टक्के उरला, हे लिहून घ्या.